तिकडे बर्फ, इकडे काळी माती : घरच्या नळाचा पाइप कसा सांभाळायचा



मागच्या थंडीतली गोष्ट. गटाची बैठक सुरू होती. बचत गोळा झाली, रजिस्टरवर सह्या झाल्या, चहा चुलीवर होता. तेवढ्यात एका काकूंना त्यांच्या लेकाचा फोन आला. लेक फौजेत आहे, तेव्हा लेहला होता. बोलणं झाल्यावर काकू हसत म्हणाल्या, "पाय व माय, तिकडे म्हणे नळच गोठले. पाइप तडकले अन् हे पोट्टे बरफ वितळवून पाणी करून राह्यले."

आम्ही सगळ्या हसलो. मग गटात नव्यानंच आलेली एक सून म्हणाली, "आपल्याकडे तर बर्फ पडत नाही. तरी आमच्या दारचा पाइप दोन वर्षांत दोनदा फुटला. तो कशानं फुटला असंल?"

हसणं थांबलं. कारण त्याचं उत्तर आमच्यापैकी एकीकडेही नव्हतं. पाइप फुटला की आपण सायकलची ट्यूब कापतो, करकचून बांधतो आणि विसरून जातो. का फुटला, हे विचारत नाही. त्या दिवशी आम्ही ठरवलं की याचं कारण शोधायचं. जाणकार प्लंबरला विचारलं, गावच्या जलसुरक्षक दादांना विचारलं, स्वतः पाइप उकरून पाहिले. त्यातून जे कळलं, ते आज तुम्हाला सांगतो.

बर्फ पाइप कसा फोडतो?

आधी लेहचं बघू, म्हणजे आपलं समजायला सोपं जाईल. बहुतेक वस्तू थंड झाल्या की आकसतात. पाणी मात्र गोठताना फुगतं. दहा पेले पाण्याचा बर्फ केला तर त्याला जवळपास अकरा पेल्यांची जागा लागते. काचेची बाटली काठोकाठ भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली की ती फुटते, ती याचमुळे. पाइपमध्येही तसंच होतं. एका जागी बर्फाचा बुच बसतो. तोटी बंद असते. बर्फ वाढत जातो, मधल्या पाण्याला जायला वाट उरत नाही. शेवटी सगळा दाब पाइपवर येतो आणि पाइप जिथे कच्चा असेल तिथे तडकतो.

लडाखमध्ये हिवाळ्यात पारा शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत जातो. म्हणून अशा थंड मुलखात लोक थंडी येण्याआधीच तयारी करतात. पाइप खोल पुरतात, उघड्या पाइपला जाड आवरण गुंडाळतात, रात्री पाइपमधलं पाणी काढून टाकतात, किंवा तोटी थोडी सुरू ठेवून बारीक धार वाहू देतात. वाहतं पाणी लवकर गोठत नाही.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कडाक्याच्या थंडीतही रात्रीचा पारा 8-10 अंशांपर्यंत उतरतो. बर्फ व्हायला शून्य अंश लागतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कधीकधी गवतावरच्या दवाचे हिमकण होतात, पण तेही जमिनीच्या वर. पुरलेल्या पाइपला तिथेही धोका नसतो. म्हणजे आपला पाइप काही थंडीनं फुटत नाही. मग कशानं फुटतो?

आपल्याकडची तीन कारणं

पहिलं कारण आपल्या पायाखाली आहे. ते म्हणजे काळी माती.

कापूस पिकवणारी ही माती आपली लक्ष्मी आहे. पण तिचा एक स्वभाव आहे. तिच्यातले बारीक चिकण कण पाणी पितात आणि फुगतात. उन्हाळ्यात तेच कण वाळून आकसतात. म्हणून चैत्र-वैशाखात वावरात एवढ्या भेगा पडतात की त्यात हात जातो, आणि पाऊस पडला की त्याच भेगा मिटतात. काळ्या मातीवरच्या घरांच्या भिंती तडकतात, त्याचंही हेच कारण. आता विचार करा, त्याच मातीत आपला पाइप पुरलेला आहे. उन्हाळ्यात माती आकसते आणि पाइपला एकीकडे ओढते. पावसाळ्यात फुगते आणि दुसरीकडे ढकलते. दरवर्षी ही ओढाताण चालते. पाइप एखादवेळी तग धरतो, पण जिथे दोन तुकडे जोडलेले असतात तो सांधा सैल होतो. तिकडे पाणी फुगून पाइप फोडतं, इकडे माती फुगून पाइपचा सांधा उघडते.

दुसरं कारण आपलं ऊन. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो. राखाडी रंगाचा पीव्हीसी पाइप जमिनीवर उघडा पडला असेल तर दोन-चार उन्हाळ्यांत त्याचा रंग उडतो, अंगावर हात फिरवला तर पांढरी भुकटी लागते आणि तो खडूसारखा ठिसूळ होतो. मग लेकराचा पाय पडला तरी तुटतो. शेतातल्या ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात, कधी विचार केला का? त्यात काजळीसारखी पूड मिसळलेली असते. ती उन्हापासून प्लास्टिक वाचवते. म्हणून काळा एचडीपीई पाइप उन्हात जास्त टिकतो आणि राखाडी पीव्हीसी पाइप मातीखालीच बरा.

तिसरं कारण सांगायला आम्हाला थोडी लाज वाटते, कारण ते आपणच आहोत. नळाच्या उभ्या पाइपला आपण बकरी बांधतो. वासरू बांधतो. पाइप वीतभर खोल पुरून त्यावरून बैलगाडी, ट्रॅक्टर नेतो. पाणी कमी येतं म्हणून तोटी काढून फेकतो, पाइप कापून आखूड करतो आणि नळाखाली खड्डा खोदतो. हा खड्डा सगळ्यात घातक. तो का, ते आता सांगतो.

पाणी बाहेर जातं तेवढंच नुकसान नाही

पाइप फुटला म्हणजे पाणी वाया गेलं, एवढंच आपल्याला वाटतं. पाणी वाया जाणं ही लहान गोष्ट नाहीच. 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं तळाला गेली होती, तेव्हा शहरातल्या लोकांनी टँकरसाठी रात्री जागवल्या. गावाकडे तर आपण डोक्यावर गुंड घेऊन हिंडलेल्या बाया. पाण्याची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण फुटक्या पाइपचं खरं संकट वेगळं आहे. ज्या भेगेतून पाणी बाहेर जातं, त्याच भेगेतून घाण आत येते.

हे कसं होतं? पिंपातलं रॉकेल काढताना नळी लावून ओढायचो ना आपण? एकदा नळी भरली की रॉकेल आपोआप वाहतं. आपल्या गावात नळ दिवसातून तास-दोन तास येतो, कुठे एक दिवसाआड येतो. टाकीचा व्हॉल्व्ह बंद झाला की पाइपमधलं उरलेलं पाणी उताराकडे धावतं. खालच्या मोहल्ल्यात कुणाची तोटी उघडी असेल तर तिथून ते निघून जातं. वरचा पाइप रिकामा होऊ लागतो आणि रिकामा होताना ओढ घेतो. अशा वेळी पाइपला भेग असेल आणि भेगेभोवती नालीचं पाणी साचलं असेल, तर तो पाइप तेच पाणी आत ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी नळ सुटला की ते सगळ्यात आधी आपल्या गुंडात येतं.

नळाखालचा खड्डा इथे घात करतो. खड्ड्यात सांडपाणी साचतं, त्यात कोंबड्या येतात, लेकरांचे पाय धुतले जातात. पाइपचं उघडं तोंड त्या पाण्यात बुडालेलं. नळ गेला की पाइप तेच पाणी पितो. त्यासाठी पाइप फुटलेलाही असावा लागत नाही.

आमच्या कामातल्या एका गावात हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. मृग लागून पंधरा दिवस झाले होते. एकाच मोहल्ल्यातल्या आठ-दहा लेकरांना हगवण लागली. आमच्या गटातल्या एका ताईंच्या दोन वर्षांच्या नातीला तर दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. दोन रात्री त्या माऊलीनं डोळ्याला डोळा लावला नाही. पोरगी वाचली. पण गावात कुजबुज सुरू झाली की टाकीत औषधच टाकलं नाही.

औषध टाकलं होतं. जलसुरक्षक दादांनी आमच्यासमोर टाकीजवळच्या नळाचं पाणी तपासलं. तपासणीच्या नळीत थेंब टाकले की पाणी पिवळं झालं. म्हणजे क्लोरिन होतं. मग नळ सुटताच त्या मोहल्ल्यातलं शेवटच्या घरचं पाणी घेतलं. थेंब टाकले, रंगच आला नाही. मग आम्ही घरोघरी उलट्या दिशेनं चालत आलो. नालीच्या पलीकडच्या प्रत्येक घरी रंग नाही. नालीच्या अलीकडे रंग आहे. क्लोरिन घाण मारण्यात खर्च होतं. रंग जिथे हरवला, तिथेच घाण आत शिरत होती.

नाली उकरली. पाइपचा सांधा बरोबर नालीच्या तळाशी होता आणि बोटभर उघडा होता. शिवाय त्या मोहल्ल्यात पाच घरी नळाखाली खड्डे होते. त्यातला एक त्याच ताईंच्या दारचा. तो खोदला तेव्हा आम्हीही तिथे बसून गप्पा मारल्या होत्या. पाणी जरा जास्त येईल, बरं झालं, असंच आम्हीही म्हणालो होतो. त्या दिवशी कुणीच कुणाला बोल लावला नाही. खड्डे बुजवले.

तपासणी हिवाळ्यातच का?

आता मुख्य मुद्दा. पाइपची तपासणी कधी करायची? आपण करतो उन्हाळ्यात, पाणी कमी पडल्यावर, नाहीतर पावसाळ्यात, लेकरं आजारी पडल्यावर. दोन्ही वेळा उशीर झालेला असतो.

पावसाळ्यात सगळीच जमीन ओली असते, गळती दिसणार कशी? उन्हाळ्यात गळती दिसते, पण तेव्हा प्लंबर मिळत नाही, जमीन दगडासारखी होते, कुदळ चालत नाही. हिवाळ्यात वरची माती सुकलेली असते. पाइप गळत असेल तर तेवढीच जागा ओलसर दिसते, तिथेच हिरवं गवत उगवलेलं असतं, कोंबड्या तिथेच उकरतात. जमीन खोदायला नरम असते. कापूस वेचणीची धावपळ असते हे खरं, पण या कामाला एका घरी अर्धा तास लागतो. आणि भेगा पडायच्या आधी सांधे पक्के झाले की उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही निभतात. लेहची माणसं थंडी येण्याआधी तयारी करतात, तशी आपण उन्हाआधी करायची.

पाइपसोबत चालून बघा

आमच्या गटानं याला "पाइपची फेरी" असं नाव दिलं. मुख्य लाइनमधून जिथे आपल्या घराची जोडणी निघते तिथून सुरुवात करायची आणि आपल्या तोटीपर्यंत चालत जायचं. एकदा नळ आलेला असताना आणि एकदा नळ गेल्यावर. चालताना या गोष्टी बघायच्या :

एक, जोडणीचा सांधा. मुख्य लाइनला जिथे भोक पाडून आपला पाइप जोडला आहे, तिथली माती ओली आहे का? सगळ्यात जास्त गळती याच जागी सापडते.

दोन, नाली. पाइप नालीतून किंवा नालीखालून जातो का? जात असेल तर त्या भागात एकही सांधा नको. एक अखंड तुकडा टाकायचा आणि तो एखाद्या मोठ्या पाइपच्या आत घालून न्यायचा. म्हणजे आतल्या पाइपला नालीचं पाणी लागत नाही. जमलं तर नालीच्या वरून न्या.

तीन, उकिरडा, गोठा आणि संडासाचा खड्डा. यांच्याजवळून पाइप जात असेल तर वळवून घ्या. थोडा पाइप जास्त लागेल, पण तो खर्च दवाखान्याच्या एका फेरीहून कमी असतो.

चार, खोली. अंगणातला पाइप निदान दोन फूट खाली हवा. गाडीवाट ओलांडत असेल तर तीन फूट.

पाच, उघडा भाग. कुठे पाइप उन्हात पडला आहे का? असेल तर पुरा. पुरणं शक्यच नसेल तर गोणपाट गुंडाळा, वरून पांढरा चुना किंवा रंग द्या. जमिनीतून वर येणारा उभा पाइप लोखंडी, म्हणजे जीआयचा असला तर उत्तम. त्याला विटांचा छोटा खांब बांधून आधार द्या. आणि बकरीला दुसरा खुंटा ठोका.

सहा, तोटी. तोटी आहे का? बंद होते का? थेंब गळत असतील तर नळ असताना त्याखाली लोटा ठेवून तासभर थांबा. तासात एक लिटर जमलं तर एका दिवसाचे, नळ सतत असेल तर, 24 लिटर होतात. आतला वायसर बदलला की बहुतेक तोट्या सुधारतात. हे काम आपण स्वतः करू शकतो. आमच्या गटातल्या चौघी जणी पान्हा हातात धरायला शिकल्या आहेत.

सात, उंची. ओट्यापासून तोटी एवढी वर हवी की खाली गुंड किंवा बादली सहज मावेल. खड्डा असेल तर बुजवा, ओटा करा आणि सांडपाणी शोषखड्ड्यात नाहीतर परसबागेत सोडा.

काळ्या मातीत पाइप कसा पुरायचा?

नवीन पाइप टाकत असाल किंवा जुना बदलत असाल तर हे लक्षात ठेवा. खोदलेल्या नालीत तळाला आधी चार-सहा बोटं वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम पसरायचा. त्यावर पाइप ठेवायचा. दोन्ही बाजूंनी आणि वरूनही तेवढीच वाळू किंवा मुरूम टाकायचा. मगच खोदलेली काळी माती लोटायची. वाळू आणि मुरूम फुगत नाहीत, आकसत नाहीत. माती ओढाताण करते तेव्हा ही गादी पाइपला सांभाळून घेते. पाइपच्या अंगाशी दगड, विटांचे तुकडे येऊ देऊ नका. माती दाबली की तेच टोक पाइपमध्ये रुततं. पाइप अगदी ताणून सरळही टाकू नका. काळा एचडीपीई पाइप जरा सैल, नागमोडी ठेवला तर माती हलली तरी सांध्यावर ओढ येत नाही.

सांधा जोडताना घाई नको. पीव्हीसीचा फुटका भाग सरळ कापून काढायचा. दोन्ही टोकं आणि नवा जोड कोरड्या फडक्यानं पुसायचा. ओल असेल तर सोल्युशन धरत नाही. दोन्हीकडे सोल्युशनचा पातळ थर लावायचा, पाइप आत ढकलून थोडा फिरवायचा आणि घट्ट धरून ठेवायचा. डब्यावर जेवढा वेळ लिहिला असेल तेवढा वेळ पाणी सोडायचं नाही. एचडीपीई पाइपला सोल्युशन चिकटत नाही, त्याला आट्यांचा जोड लागतो. ट्यूब बांधणं म्हणजे जखमेवर चिंधी बांधणं. प्लंबर येईपर्यंत ठीक, पण ते औषध नव्हे.

काम झालं की लगेच पिण्याचं पाणी भरू नका. आधी पाणी खळखळून वाहू द्या. आत गेलेली माती निघाली पाहिजे.

टिल्लू पंपाबद्दल

आता जरा कडू बोलतो. नळाला थेट टिल्लू पंप लावणाऱ्या बाया आपल्यातही आहेत. पाणी येत नाही म्हणून लावतात, त्यांची अडचण आम्हाला कळते. पण पंप नुसतं पाणी ओढत नाही. तो अख्ख्या लाइनमध्ये ओढ निर्माण करतो. शेजारणीची धार तुटते, आणि मोहल्ल्यात कुठेही भेग असेल तर तिथली घाण आत येते. ती घाण आधी पंपवालीच्याच घरात जाते, हेही लक्षात घ्या. पंप लावायचाच असेल तर नळाचं पाणी आधी खालच्या टाकीत पडू द्या आणि मग त्या टाकीतून वर चढवा.

तसंच ड्रम भरताना पाइपचं टोक ड्रमच्या पाण्यात बुडवून ठेवू नका. नळ गेला की ड्रममधलं पाणी उलटं लाइनमध्ये जातं. टोक पाण्याच्या वर धरा.

रोजची एक सवय

नळ सुटला की पहिलं पाणी पिण्याच्या गुंडात घेऊ नका. ते पाइपमध्ये रात्रभर साचलेलं असतं. पहिल्या दोन-तीन बादल्या सडा, भांडी, संडासासाठी वापरा. पाणी स्वच्छ दिसू लागलं की पिण्याचं भरा. वाया काही जात नाही, फक्त क्रम बदलतो. आणि घर सोडताना तोटी बंद करा. खालच्या मोहल्ल्यातली उघडी तोटी वरच्या मोहल्ल्यातल्या लेकराला आजारी पाडू शकते, हे आता आपण पाहिलंच आहे.

पाणी गढूळ आलं, वास आला किंवा गावात हगवण, काविळीची साथ असली तर पाणी उकळून प्या. आशाताईंकडे मेडिक्लोर मिळतं, ते बाटलीवर लिहिलेल्या मापानंच टाका. लेकराला हगवण लागली तर ओआरएस सुरू करा आणि आशाताईंना कळवा. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. लेकरू मलूल झालं, डोळे खोल गेले, पाणीही पीत नसेल तर घरी वाट पाहू नका.

गट काय करू शकतो?

जल जीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं. घरोघरी नळ आणि दर माणसी दर दिवशी 55 लिटर पाणी, असं त्याचं माप आहे. पाच माणसांच्या घराला 275 लिटर झाले. पण नळ दारात आला म्हणजे काम संपत नाही. नळ सांभाळणारी घरातली बाई असते.

या योजनेच्या नियमात गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या महिला असाव्यात असं म्हटलं आहे. आपल्या गावच्या समितीत कोण कोण आहे, ग्रामसभेत विचारा. नाव आहे पण बैठकीला बोलावत नाहीत, असं असेल तर तेही विचारा. गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण देण्याचीही तरतूद आहे. आपल्या गटातल्या दोघींनी तरी ते घ्यावं. अवघड काही नाही. क्लोरिनची तपासणी म्हणजे थेंब टाकून पिवळा रंग बघायचा. शेवटच्या घरच्या नळालाही लिटरमागे निदान 0.2 मिलीग्रॅम क्लोरिन उरलं पाहिजे, ते रंगाच्या तक्त्याशी जुळवून कळतं. दुसरी तपासणी एचटूएस बाटलीची. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि 24 ते 48 तास ठेवायचं. पाणी काळं पडलं तर त्यात मैलाचे जंतू आहेत असं समजायचं आणि ते प्यायचं नाही.

मुख्य लाइन ग्रामपंचायतीची आहे. तिच्यात गळती दिसली तर तोंडी सांगून थांबू नका. जागा, तारीख लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. गटाच्या लेटरहेडवर अर्ज गेला की वजन पडतं. आणि पाणीपट्टी भरलेली असली की आपला आवाज ताठ राहतो, हाही आमचा अनुभव आहे.

आमच्या त्या गावात गटानं बचतीतून एक पान्हा, करवत, सोल्युशनचा डबा आणि थोडे जोड घेऊन ठेवले. गटाच्या पेटीत ते असतात. ज्या घरी गरज, तिथे जातात. वर्षातून एकदा, संक्रांतीच्या आसपास, पाइपची फेरी होते. हळदीकुंकवाला एकमेकींच्या घरी जातोच, तेव्हा नळाकडेही एक नजर टाकायची. मागच्या वेळी एका मावशींनी तर वाणच तोटीचं दिलं. सगळ्या हसल्या, पण घरी जाऊन बसवली.

दवाखान्यात गेलेली ती पोर आता अंगणवाडीत जाते. परवा त्यांच्या दारी गेलो तर आजीनं तोटीखाली गुंड लावला होता आणि नात शेजारी उभी राहून सांगत होती, "पयलं पानी नाही प्यायचं." आम्हाला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. नळ आला की आपल्या पाइपसोबत एकदा चालून बघा, जोडणीपासून तोटीपर्यंत. कुठे ओल दिसली, कुठे नाली लागली, कुठे खड्डा आहे, ते कागदावर लिहा आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. पाच घरचे कागद एकत्र आले की आपल्या मोहल्ल्याचा नकाशा तयार होतो, आणि मग कुठे कुदळ मारायची ते आपसूकच कळतं.

पुन्हा भेटू. तोवर तोटी बंद ठेवा, तोंड मात्र ग्रामसभेत उघडा. नमस्कार.